मायलेज घटते, मग दर का घटत नाही?

भंडारा जिल्ह्यात दुचाकी ही चैन उरलेली नाही. लाखनी, साकोली, तुमसर किंवा पवनीहून रोज कामाला जाणाऱ्या शिक्षकाला, बँकेतल्या लिपिकाला, दवाखान्यातल्या परिचारिकेला तिच्याशिवाय गत्यंतर नाही. एसटीची वेळ जुळत नाही आणि रेल्वे सगळ्या गावांना नाही. अशा माणसाच्या पगारातला पेट्रोलचा खर्च किराण्याइतकाच ठरलेला असतो. म्हणून या पेट्रोलमध्ये आता सुमारे २० टक्के इथेनॉल असते, ही गोष्ट केवळ इंजिनाच्या जाणकारांपुरती राहत नाही. इथेनॉल मिसळण्याला माझा विरोध नाही. आक्षेप आहे तो एवढाच, की मिश्रणामुळे मायलेज घटते हे सरकारही मान्य करते, पण त्या घटीचा पैसा ग्राहकाकडूनच वसूल होतो. मायलेज जितके कमी होते, तितका दर कमी झाला पाहिजे.

मायलेज का घटते, याचे उत्तर सरळ आहे. इंधनातून गाडीला उष्णता मिळते आणि एक लिटर इथेनॉलमधली उष्णता एक लिटर पेट्रोलपेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी असते. २० टक्के मिश्रणात, म्हणजे ई-२० मध्ये, म्हणूनच शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सुमारे ७ टक्के ऊर्जा कमी मिळते. प्रत्यक्ष रस्त्यावरची घट इंजिनानुसार बदलते. नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने जून २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात ई-२० मुळे जुन्या धाटणीच्या चारचाकींचे मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी, दुचाकींचे ३ ते ४ टक्क्यांनी आणि ई-२० साठी जुळवलेल्या नव्या चारचाकींचे १ ते २ टक्क्यांनी घटेल, असे म्हटले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानेही नव्या चारचाकींसाठी १ ते २ आणि इतर गाड्यांसाठी ३ ते ६ टक्क्यांची घट मान्य केली. म्हणजे घट होते की नाही हा वाद मिटलेला आहे. आता प्रश्न तिच्या किमतीचा आहे.

ती किंमत रुपयांत मांडून पाहू. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरा. साकोलीहून भंडाऱ्याला ये-जा करणाऱ्याचे महिन्याला हजार किलोमीटर सहज होतात. शुद्ध पेट्रोलवर ६० चे मायलेज देणारी मोटरसायकल ४ टक्के घटीनंतर साधारण साडेसत्तावन देईल. तेवढ्याच प्रवासाला सतराशे पन्नासच्या जागी अठराशे तेवीस रुपये लागतील, म्हणजे महिन्याला सुमारे ७३ रुपये जास्त. १८ चे मायलेज देणाऱ्या जुन्या कारला ६ टक्के घट धरली, तर हाच फरक महिन्याला सुमारे ३७० रुपये आणि वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास जातो. दुचाकीची रक्कम लहान वाटेल. पण ती जिल्ह्यातल्या प्रत्येक गाडीमागे, दर महिन्याला आणि न विचारता घेतली जाते. न्याय्य हिशेब असा, की ४ टक्के घटीला लिटरमागे ४ रुपये २० पैसे आणि ६ टक्के घटीला ६ रुपये ३० पैसे दर कमी हवा.

मग शुद्ध पेट्रोलच का घेऊ नये? कारण तो मार्ग सामान्य माणसाला बंद आहे. इथेनॉलविरहित म्हणून विकले जाणारे १०० ऑक्टेनचे महागडे पेट्रोल मोजक्याच पंपांवर मिळते आणि लिटरला दीडशे रुपयांच्या वर जाते. सहा-सात टक्के मायलेजसाठी दीडपट दर देणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मिळावा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. पर्याय नसलेल्या ग्राहकाला निदान वाजवी दर मिळावा, ही अपेक्षा त्यामुळे आणखी रास्त ठरते.

याला पहिले उत्तर मिळते ते ऑक्टेनचे. इथेनॉलने इंधनाचे ऑक्टेन वाढते, इंजिनाची ठकठक कमी होते, गाडी चांगली पळते, असे सांगतात. हे खरे आहे, पण त्या ऑक्टेनचा मायलेजला फायदा घ्यायला इंजिनाचे दाबगुणोत्तर (कॉम्प्रेशन रेशो) जास्त लागते. दहा वर्षांपूर्वीच्या मोटरसायकलचे दाबगुणोत्तर पंपावर वाढत नाही. दुसरे उत्तर असे, की मायलेज टायरमधल्या हवेवर, देखभालीवर आणि चालवण्याच्या सवयीवर ठरते. तेही बरोबर. पण हवा कमी असेल तर ती दोन्ही इंधनांना सारखीच कमी असते. फरक इंधनाचाच उरतो.

तिसरा आक्षेप वजनदार आहे. इथेनॉलच आता महाग झाले आहे, मग दर कसा कमी करणार? २०२४-२५ च्या हंगामात तेल कंपन्यांना वाहतूक आणि जीएसटी धरून इथेनॉल सरासरी ७१ रुपये ३२ पैसे लिटर पडले. शुद्धीकरण केलेल्या, कर न लागलेल्या पेट्रोलपेक्षा हे जास्त आहे, असे मंत्रालयच सांगते. पण ग्राहकाने मोजलेल्या १०५ रुपयांत केंद्राचा आणि राज्याचा कर मोठा आहे. मायलेजची घट भरून काढण्यासाठी मिश्रित इंधनाला करसवलत द्यावी, असे नीती आयोगाच्याच समितीने सुचवले होते. मिश्रणाचे वेळापत्रक स्वीकारले गेले, उद्दिष्ट २०३० ऐवजी २०२५ मध्येच गाठले गेले, पण सवलतीची शिफारस मागे राहिली. एका अहवालातले सोयीचे तेवढे घेऊन ग्राहकाच्या वाट्याचे सोडून देणे बरोबर नाही.

चौथा मुद्दा शेतकऱ्याचा आणि परकीय चलनाचा. कच्च्या तेलाची आयात घटते, उसाला आणि मक्याला गिऱ्हाईक मिळते, हा लाभ मोठा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र इथेनॉल तांदळापासूनही बनते, म्हणून आपल्या धानाच्या जिल्ह्याने याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०२४-२५ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. क्विंटलभर धानाच्या भरडाईतून गिरणीला सरकारकडे ६७ किलो तांदूळ जमा करावा लागतो. म्हणजे एक क्विंटल तांदळासाठी लागणाऱ्या धानाचेच सुमारे ३,४३० रुपये झाले, त्यात भरडाई, वाहतूक आणि गोदाम वेगळे. तोच तांदूळ भारतीय अन्न महामंडळाने २०२५ मध्ये इथेनॉल कारखान्यांना २,२५० रुपये क्विंटलने दिला. तांदळाचा भाव धानाच्या हमीभावाच्याही खाली. गोदामे भरली असतील तर साठा हलवणे समजू शकते, पण ही तूट सरकारी तिजोरी सोसते आणि तिजोरी आपल्याच करांनी भरते. कारखान्याला कच्च्या मालात सवलत देता येते, तर वाहनधारकाला दरात सवलत देणे अशक्य कसे?

इतरत्र हे कसे चालते, याचा दाखला ब्राझीलमध्ये आहे. तिथे मिश्रण आपल्यापेक्षा जास्त आहे आणि निव्वळ इथेनॉलही पंपावर मिळते. तिथला वाहनधारक दोन्ही दर शेजारी पाहतो आणि इथेनॉलचा दर पेट्रोलच्या दराच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तरच ते भरतो, कारण मायलेजही साधारण तेवढेच मिळते. तिथे निव्वळ इथेनॉलचा खप जबरदस्तीवर नाही, हिशेबावर टिकून आहे. आपल्याकडेही तीन गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. प्रत्येक पंपावर इथेनॉलचे प्रमाण ठळक मराठीत लिहावे. जुन्या गाड्यांसाठी १० टक्के मिश्रणाचे पेट्रोल उपलब्ध ठेवावे. आणि ई-२० चा दर घटलेल्या ऊर्जेच्या प्रमाणात करसवलतीने खाली आणावा. वाचकांनीही टाकी काठोकाठ भरून, पुढच्या वेळी पुन्हा तशीच भरून, मधले किलोमीटर आणि लिटर वहीत लिहून ठेवावेत. ही नोंद घेऊन ग्राहक पंचायतीकडे आणि लोकप्रतिनिधींकडे जावे. स्वदेशी इंधनाचा लाभ देशाला होत असेल, तर त्याची किंमतही देशाने वाटून घ्यावी. ती एकट्या वाहनधारकाच्या खिशातून काढणे अन्यायाचे आहे.