चावडीवरची नोटीस आणि क्लाउडवरचे कुलूप

डोळखांबसारख्या गावात जमिनीच्या दप्तरातील बदल कोणाच्या नकळत होऊ नये, याची तजवीज महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने १९६६ सालीच करून ठेवली आहे. कलम १५० अन्वये तलाठी फेरफाराची नोंद करतो, तिची प्रत चावडीत लावतो आणि हितसंबंधितांना लेखी कळवतो. हरकतीची मुदत उलटल्यावर मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. पहाटेच आसनगाव गाठून लोकलने मुंबईकडे धावणाऱ्या चाकरमान्याला चावडीवरची नोटीस वाचायला सवड कुठली, हे खरेच. पण तत्त्व निःसंशय शहाणपणाचे होते: आधी वर्दी, मग बदल.

१ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि 'आपली चावडी' या संकेतस्थळावर फेरफाराच्या नोटिसाही दिसू लागल्या. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी समाजाच्या जमिनींना कलम ३६ आणि ३६-अ चे संरक्षण असलेल्या या टापूत ही सोय मोलाचीच आहे. तथापि, ही वर्दी नोंद बदलल्याची झाली. नोंद बदलण्याचा अधिकारच कोणी कोणाला परस्पर बहाल केला, तर त्याची वर्दी कोण देणार?

हा प्रश्न केवळ सरकारी दप्तराचा नाही. गावोगावच्या पतसंस्था, शाळा, रुग्णालये आणि सेवा प्रकल्पही आता आपली माहिती भाड्याच्या सर्व्हरवर, म्हणजे 'क्लाउड'वर ठेवतात. संचालक मंडळ पासवर्ड कोणाकडे आहे एवढे विचारते आणि निश्चिंत होते. वस्तुतः चोर प्रथम तिजोरीला हात लावतच नाही. तो आधी पहारा बदलतो. एखादा नवा प्रशासक नेमला जातो, जगभरातून प्रवेश मिळेल अशी फट फायरवॉलमध्ये ठेवली जाते, कोणी काय केले याची नोंदवही बंद केली जाते. माहिती जागच्या जागी असते, म्हणून कोणाला संशयही येत नाही.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे प्रकरण मराठी वाचकांच्या स्मरणात असेल. ऑगस्ट २०१८ मध्ये बँकेचे ९४ कोटींहून अधिक रुपये लुटले गेले, त्यांतील मोठा भाग २८ देशांतील एटीएममधून. खातरजमेची विचारणा बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोहोचतच नव्हती. मध्येच उभी केलेली बनावट यंत्रणा परस्पर होकार देत होती. ती उभी राहिली त्याच क्षणी कोणाच्या उशाशी घंटा वाजली असती, तर? अमेरिकेतील कॅपिटल वन बँकेची दहा कोटींहून अधिक लोकांची माहिती मार्च २०१९ मध्ये क्लाउडवरून चोरीला गेली. बँकेला ते कळले जुलै महिन्यात, तेही बाहेरच्या व्यक्तीने ई-मेल पाठवल्यामुळे!

अशी घंटा बांधणे फारसे खर्चिक नाही. क्लाउड पुरवणाऱ्या प्रमुख कंपन्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवू शकतात आणि ठरावीक हालचाल होताच मोबाइलवर संदेश पाठवण्याचा नियम लावू देतात. नवा अधिकार दिला जाणे, फायरवॉल शिथिल होणे, नोंदवही किंवा बॅकअप बंद पडणे, कूटबद्धीकरणाची किल्ली बदलणे एवढ्या मोजक्याच गोष्टींवर घंटा बांधावी. दर पाच मिनिटांनी वाजणारी घंटा आठवडाभरात कोणी ऐकेनासे होते. नोंदवही निराळ्या खात्यात ठेवावी, म्हणजे आत शिरलेल्यालाही ती पुसता येणार नाही. भारतात या नोंदी १८० दिवस जपण्याचे बंधन 'सर्ट-इन'च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी घातलेलेच आहे.

आणि संदेश कोणाकडे जावा? इथेच बहुतेक संस्था चुकतात. बदल करणाऱ्या संगणकतज्ज्ञाच्याच मोबाइलवर तो जात असेल, तर तलाठ्याने नोटीस स्वतःच्या घरात टांगण्यासारखे झाले. तो किमान दोघांकडे जावा आणि त्यांतील एकाच्या हाती बदलाचा कोणताही अधिकार नसावा. सचिव, कोषाध्यक्ष किंवा गावातील निवृत्त मुख्याध्यापकही चालतील, त्यांना संगणक समजण्याची गरज नाही, "हे तुम्ही केलेत का?" असा फोन करता आला की पुरे.

संचालक मंडळाच्या पुढच्या बैठकीत संगणकतज्ज्ञाला बोलावून सर्वांसमक्ष एक खोटा प्रशासक नेमायला सांगावे, आणि कोषाध्यक्षांचा मोबाइल किती मिनिटांत वाजतो ते घड्याळ लावून पाहावे.