वृद्धाश्रमातील श्रमिक

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम १९ ने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रम कल्पिला. परंतु तेथे राबणाऱ्यांच्या वेतनाविषयी व कामाच्या तासांविषयी ते कलम मौन पाळते. औषधांच्या वेळा सांभाळणे, आयांच्या पाळ्या लावणे, डॉक्टर व नातेवाईक यांच्यात दुवा राखणे, हे समन्वयिकेचे काम कौशल्याचे आहे. अशा श्रमाला ‘सेवा’ म्हणून गौरवायचे आणि मानधनावर बोळवण करायची, ही युक्ती आशा स्वयंसेविकांनी पुरेपूर अनुभवली आहे. वृद्धाश्रमांत ती रुजू देता कामा नये. पिचलेल्या हातांकडून वृद्धांना माया कशी मिळणार? म्हणून वृद्धाश्रमाच्या मागणीबरोबरच तेथील कर्मचाऱ्यांच्या वेतनश्रेणीची मागणीही कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे.