हिमशिखरांवरील ठाणी आणि आपले उत्तरदायित्व

१३ एप्रिल १९८४ रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’ आरंभून भारतीय सेनेने सियाचिनच्या शिखरांवर पाय रोवले. सुमारे ७५ किलोमीटर लांबीच्या या हिमनदीच्या परिसरात पारा उणे ५० अंशांपर्यंत उतरतो आणि काही ठाणी वीस हजार फुटांहूनही उंच आहेत. नोव्हेंबर २००३ च्या शस्त्रसंधीने तेथील तोफा शांत झाल्या. थंडीशी मात्र शस्त्रसंधी होत नसते. शत्रूच्या गोळीपेक्षा निसर्गानेच तेथे अधिक जवानांचा बळी घेतला आहे.

या ठाण्यांवर राहणे हेच एक युद्ध आहे. वर जाणाऱ्या जवानाला आधी टप्प्याटप्प्याने विरळ हवेची सवय करून घ्यावी लागते; घाई केली तर फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचून प्राणावर बेतते. उघडा हात बंदुकीच्या धातूला लागला तर कातडी चिकटते. हातमोज्यातला घाम गोठतो आणि हिमदंशाने काळी पडलेली बोटे कापावी लागतात. पिण्याचे पाणी बर्फ वितळवूनच मिळते. ज्या रॉकेलच्या शेगडीवर ऊब मिळते, तिचाच विषारी वायू, हवा खेळती नसेल तर, झोपेत घात करतो.

अशा ठिकाणी केवळ पराक्रम पुरत नाही. वेळेवर पोहोचलेला बूटही लागतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये सोनम ठाण्यावर हिमकडा कोसळला. सहा दिवसांनी बर्फाखालून जिवंत निघालेल्या लान्सनायक हणमंतप्पा कोप्पड यांच्यासाठी अवघा देश प्रार्थना करीत होता. फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडल्या गेलेल्या महालेखापालांच्या अहवालाने दाखवून दिले की, नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात अतिउंचावरील जवानांना बहुउपयोगी बूट मिळालेच नव्हते. जुनेच बूट पुन्हा वापरात आणावे लागले. हिमचष्म्यांचा तुटवडा ६२ ते ९८ टक्के होता. ही स्थिती जुनी असून पुढे सुधारणा झाल्याचे सेनेने स्पष्ट केले, हे समाधानाचे आहे. तथापि प्रार्थना आणि पुरवठा यांतील ही दरी विसरण्याजोगी नाही.

आशेची चिन्हेही आहेत. संरक्षण संशोधन व विकास संघटनेने (डीआरडीओ) ‘हिमतापक’ हे उष्णतायंत्र सिद्ध केले आणि डिसेंबर २०२१ मध्ये अतिशीत प्रदेशातील पोशाखाचे स्वदेशी तंत्रज्ञान पाच भारतीय कंपन्यांना सुपूर्द केले. पुण्याच्या योगेश व सुमेधा चिथडे या दाम्पत्याने तर स्वतःचे दागिने विकून निधिसंकलनास प्रारंभ केला आणि २०१९ मध्ये सियाचिन येथे प्राणवायू प्रकल्प उभा राहिला.

या दाम्पत्याचे ऋण मोठे आहे. पण जवानाचा बूट व श्वास समाजाच्या दानावर अवलंबून राहणे राष्ट्राला शोभणारे नाही. जयघोष करणाऱ्या समाजाने खरेदीच्या दिरंगाईबद्दल आपल्या लोकप्रतिनिधींना जाब विचारला पाहिजे, मग सत्तेवर कोणीही असो. तेही राष्ट्रकार्यच आहे.