ताप एकीकडे, दुखणे दुसरीकडे

घरात कुणाचे डोके तापले तर काय करावे, हे आम्हां संसारी माणसांना अनुभवाने ठाऊक झालेले असते. घटकाभर बाहेर पडावे आणि परत येताना हातात काहीतरी गोडधोड असावे. पण मोटारसायकलचे डोके तापले तर? तिला बर्फी चालत नाही.

राखीपौर्णिमेला चिरंजीवांना मागे बसवून बहिणीकडे साताऱ्याला निघालो होतो. गाडी जुनी, वाऱ्याने थंड होणाऱ्या इंजिनाची. कात्रजचा जुना घाट अर्धा चढलो नाही तोच तिने अंग टाकले. ओढ कमी झाली, जळक्या ऑईलचा वास येऊ लागला, इंजिनातून बारीक टकटक ऐकू आली, आणि पोटऱ्यांना शेकोटीजवळ बसल्यासारखी धग लागू लागली. उतरलो आणि पाण्याची बाटली काढली. चिरंजीवांनी माझा हात धरला. “बाबा, नको! तापलेल्या इंजिनावर गार पाणी पडलं तर तडा जाईल.” मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुकाट्याने ते पाणी मी स्वतःच प्यालो आणि दोघे अर्धा तास कठड्यावर बसून राहिलो.

इंजिन तापते याचे नवल नाही, ते वितळत नाही याचे नवल आहे. पेट्रोल पेटते तेव्हा सिलिंडरमधले तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते, आणि पिस्टन ज्या ॲल्युमिनियमचा बनवतात, ते ६६० अंशांना वितळते. पेट्रोलच्या उष्णतेपैकी पाव ते एकतृतीयांश हिस्साच कामी येतो. उरलेली काही धुराबरोबर जाते, काही ऑईल वाहून नेते, आणि बाकीची सिलिंडरवरच्या त्या पातळ पत्र्यांसारख्या पट्ट्यांवरून वारा उडवून नेतो. यातले एक जरी बिघडले, की ताप चढलाच.

पुण्याला परतल्यावर मी वैद्यकी सुरू केली. गाडी सपाट जमिनीवर सरळ उभी करून ऑईल पाहिले, तर ते बरोबर होते. पट्ट्यांमध्ये पावसाळ्याचा चिखल बसला होता. तो जुन्या टूथब्रशने खरवडून काढला. (टूथब्रश जुना होता की नाही, याबद्दल घरात मतभेद आहेत.) मग संशय पेट्रोलवर गेला. २०२५ सालच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याच्या अंगीच ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला इंधन थोडे कमी पडते, आणि इंधन कमी पडलेले इंजिन अधिक तापते. त्याची साक्ष प्लग देतो. टोक पांढरेफटक असेल तर इंधन कमी, काजळीने काळे असेल तर जास्त, आणि विटकरी असेल तर सारे ठीक. आमचा प्लग अगदी विटकरी निघाला. इथे माझी विद्या संपली, आणि “इंजिन आता म्हातारे झाले” असा निकाल देऊन मी गाडी मिस्त्रींकडे नेली.

मिस्त्रींनी इंजिनाकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी गाडी डबल स्टँडवर चढवली, गिअर काढला आणि मागचे चाक हाताने फिरवले. चाक अर्धा फेरा फिरले आणि थांबले. मग त्यांनी ओले बोट मागच्या ड्रमला लावले. चर्रर्र आवाज आला.

“सर, इंजिनाला काहीच झालेलं नाही. बिचारं दोन महिने ब्रेक लागलेली गाडी ओढतंय. मागचा ब्रेक कुणी आवळला?”

आवळला होता मीच. आषाढात ब्रेक सैल वाटला, म्हणून पाना घेऊन नट चांगला चार-पाच आटे फिरवला होता. त्यात पावसाच्या पाण्याने आतला कॅम गंजला. त्यामुळे पाय काढला तरी ब्रेकशू पुरते मागे येत नव्हते. मिस्त्रींनी ड्रम उघडला, कॅम घासून त्याला नखभर ग्रीस लावले आणि पायाखालच्या दांडीला इंचभर मोकळीक ठेवली. पुन्हा चाकाला झटका दिला, तर ते आपले फिरतच राहिले. तेव्हा वाचकहो, गाडी तापू लागली तर इंजिन उघडण्याआधी चाक फिरवून पाहा. त्याला पैसा पडत नाही.

घरी येताना चिरंजीव हळूच म्हणाले, “बाबा, मी तुम्हाला सांगितलं होतं. गाडी ढकलायला जड जाते म्हणून.”

खरेच सांगितले होते. त्यावर माझे उत्तरही मला आठवत होते: “रोज सकाळी चार जोर काढ, म्हणजे हलकी होईल.”

आणि मग आणखी एक गोष्ट आठवली. हाच मुलगा जूनपासून मधूनमधून आणखी एका बाबतीत तेच दोन शब्द म्हणत होता. “बाबा, जड जातंय.” त्यावर मी एक क्लास लावला. पुन्हा म्हणाला, तेव्हा दुसरा लावला. अलीकडे तो लवकर चिडतो, जेवताना बोलत नाही, म्हणून “हल्लीची मुलंच तापट,” असे मी परवाच त्याच्या आईला सांगितले होते. मराठी शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली, पण ‘जड’ या साध्या शब्दाचा अर्थ मी एकदाही बोलणाऱ्याला विचारला नव्हता.

त्या रात्री जेवणे झाल्यावर गॅलरीत त्याच्याजवळ जाऊन बसलो. “काय जड जातंय रे?” एवढेच विचारले. तो बराच वेळ गप्प होता. मग बोलू लागला, तो साडेबारापर्यंत. काय बोलला ते या सदरात लिहिण्याजोगे नाही, ते आम्हां दोघांचे आहे. दुसऱ्या दिवशी मी एक क्लास बंद केला. दुसऱ्याचे काय करायचे, ते त्याचे त्याने ठरवावे असे ठरले आहे.

गौरीच्या जेवणाला पुन्हा साताऱ्याला गेलो. कात्रजचा घाट गाडीने एका दमात चढला. माथ्यावर थांबून मी ओले बोट मागच्या ड्रमला लावून पाहिले. ड्रम गार होता.

गाडी चिरंजीव चालवत होते. मी मागे बसलो होतो.