अंगठी की शपथ?

आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना मुंजा-हडळीआधी भेटतात ते नाझगुल! टोल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) मधले हे नऊजण मूळची माणसंच, काही तर राजे. सॉरॉनने त्यांना अंगठ्या दिल्या. सत्ता मिळाली, मरणही टळलं. पण माणूस हळूहळू विरत गेला. उरला काळा झगा आणि मालकाचा हुकूम.

त्याच कथेत डनहॅरोचे मृत आहेत. इसिल्दुरला साथ द्यायची शपथ घेतली आणि ऐनवेळी डोंगरात लपले. शाप लागला, तीन हजार वर्षं भटकले. शेवटी त्याचा वंशज ॲरागॉर्न याने हाक मारली. त्यांनी शब्द पाळला नि सुटले.

माझ्या मते जास्त भयंकर अवस्था नाझगुलांची. मृतांनी शपथ मोडली, पण मन स्वतःचंच राहिलं, म्हणून परतीची वाट होती. नाझगुलांनी मनच देऊन टाकलं होतं.

मित्रहो, उद्या कॅम्पस इंटरव्ह्यू येतील, पॅकेज येईल, बॉण्डही येईल. सही जरूर करा. वेळ द्या, मेहनत द्या. फक्त ‘नाही’ म्हणायची ताकद देऊ नका. ती गेली की उरतो नुसता झगा, मग तो कितीही ब्रँडेड असो!