सहीच्या आधीं

गेल्या महिन्यांत एके रविवारीं आमचे एक जुने स्नेही सहकुटुंब आमच्या घरीं आले. सहकुटुंब म्हणजे खरोखरीच सहकुटुंब: त्यांच्या मातोश्री, वडील बंधु, वहिनी, आणि जिच्यासाठीं ही सगळी फेरी होती ती बावीस वर्षांची पुतणी. मुलीनें बारा वर्षें गुरूंपाशीं बसून गळा तयार केला आहे. ती स्वतः चालीहि बांधते. तिनें घरच्या घरीं चार गाणीं ध्वनिमुद्रित करून लोकांपुढें ठेवलीं आणि तीं कानोकानीं पसरलीं. त्यांचा सुगावा लागून एका ध्वनिमुद्रण-कंपनीकडून करार आला होता. इंग्रजींतील एकोणीस पानें, आणि शेवटच्या पानावर सहीसाठीं मोकळी जागा. उचल म्हणून दोन लाख रुपये देऊं केले होते. उत्तर आठ दिवसांत हवें होतें.

काकांचें म्हणणें, अशी संधि दाराशीं पुन्हा येत नाहीं. वडिलांचें म्हणणें, वकिलाला दाखविल्यावांचून कागदाला हात लावूं नये. आईला एवढेंच ठाऊक होतें कीं, मुलगी गेले चार दिवस जेवतांना बोलत नाहीं. प्रश्न त्या एका घरचा असला, तरी गाणाऱ्या मुलामुलींच्या पुष्कळ घरांतून तो आज ना उद्यां उभा राहणार आहे. म्हणून आमच्या वकील स्नेह्यांच्या साहाय्यानें तो करार वाचतांना जें जें उमगलें, तें वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा प्रश्न नवा नाहीं. नोव्हेंबर १९०२ मध्यें फ्रेड गायसबर्ग या ध्वनिमुद्रकानें कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें तबकडीवर घेतलें, तेव्हांपासून गळा आणि कागद यांचा संबंध या देशांत जुळला आहे. त्या आरंभींच्या काळीं बहुतेक गवयांना बैठकीचा ठराविक मोबदला मिळे. तबकडी पुढें किती खपली याच्याशीं त्यांचा हिशेब उरत नसे. विलायतेंतहि फारसें निराळें नव्हतें. १९६२ सालीं बीटल्स या चौघां तरुणांनीं जो करार केला, त्यांत एका तबकडीमागें एक पेनी असा दर होता आणि ती पेनी चौघांत वांटावयाची होती! १९६० नंतरच्या दशकांत लतादीदींनीं पार्श्वगायकांनाहि विक्रीचा वांटा मिळावा असा आग्रह धरला. महंमद रफी यांना तो पटला नाहीं, आणि ते दोघे कांहीं वर्षें एकत्र गाइले नाहींत. दोघांच्याहि सचोटीविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु इतक्या मोठ्या कलावंतांतहि ज्या प्रश्नानें अंतर पडलें, तो आठ दिवसांत उरकण्याजोगा नाहीं हें उघड आहे.

आतां कराराकडे वळूं. गाणें एक असलें, तरी कायद्याच्या दृष्टीनें त्यांत अनेक मालमत्ता असतात. शब्दांची एक, चालीची दुसरी, आणि त्या विशिष्ट दिवशीं त्या विशिष्ट गळ्यांतून निघून यंत्रांत सांठविलेल्या ध्वनिमुद्रणाची तिसरी. शिवाय गाणाराचा म्हणून एक स्वतंत्र हक्क आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें शब्द व चाल यांवरील हक्क कर्त्याच्या हयातींत आणि त्याच्या पश्चात् साठ वर्षें टिकतो. ध्वनिमुद्रणावरचा प्रसिद्धीपासून साठ वर्षें. गाणाराचा पन्नास वर्षें. तुकोबांच्या अभंगाच्या शब्दांवर आज कोणाचीच मालकी नाहीं. परंतु त्याला नवी चाल लाविली तर ती चाल लावणाराची. मुलीच्या चार गाण्यांपैकीं एक अभंग होता, आणि करारानें तो शब्दांसकट कंपनीच्या नांवें केला होता! दुसऱ्या दोन गाण्यांचे शब्द तिच्या मैत्रिणीचे. त्या मैत्रिणीला कोणीं विचारलेंहि नव्हतें. आणि अकराव्या पानावर तर 'सर्व कृति माझ्या एकटीच्या असून उद्यां कोणी हक्क सांगितल्यास नुकसानभरपाई मी देईन' अशी हमी मुलीकडून घेतली होती. वकिलांनीं तेथें पहिली लाल खूण केली.

दुसरी खूण मुदतीवर पडली. हक्क 'कायमचे' आणि 'अखिल विश्वांत' कंपनीचे होणार होते. याविषयीं आपला कायदा पुष्कळ उदार आहे. हक्क सोपविण्याच्या लेखांत मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षें धरावी, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता समजावा, आणि घेणारानें एका वर्षांत हक्क वापरलाच नाहीं तर, लेखांत निराळें ठरलें नसल्यास, ते परत फिरावे असें त्यांत आहे. मात्र हें औदार्य लेख जेथें मुका असेल तेथेंच उपयोगी पडतें. 'कायमचे' हा शब्द लिहून खालीं सही केली, म्हणजे कायद्यानें घातलेली पांच वर्षांची मर्यादा आपण आपल्या हातानें पुसली. येथें विक्री आणि भाडेपट्टा यांतला भेद ध्यानांत घ्यावा. घर पांच-सात वर्षांच्या कराराने भाड्यानें देतां येतें, तसेंच ध्वनिमुद्रणहि मुदतीच्या परवान्यानें देतां येतें. मुदत सरली कीं गाणें माहेरीं येतें.

विकलेल्या गाण्याचें पुढें काय होतें याचें अलीकडचें उदाहरण अमेरिकेंतलें आहे. टेलर स्विफ्ट या गायिकेच्या पहिल्या सहा संग्रहांचीं मूळ ध्वनिमुद्रणें तिच्या कंपनीपाशीं होतीं. २०१९ सालीं ती कंपनीच दुसऱ्यानें विकत घेतली आणि गाणीं तिच्या इच्छेविरुद्ध तिसऱ्याच्या हातीं गेलीं. तिनें २०२१ पासून त्यांतले चार संग्रह पुन्हा गाऊन नव्यानें ध्वनिमुद्रित केले, आणि मूळ ध्वनिमुद्रणें २०२५ सालीं विकत घेतलीं. तिच्यापाशीं कीर्ति व द्रव्य होतें म्हणून हें साधलें. आपल्या मुलीच्या करारांत तर तींच गाणीं पुन्हा ध्वनिमुद्रित करण्यासहि मनाई होती.

हें वाचून होत असतां आजी मध्येंच म्हणाल्या, "अहो वकीलसाहेब, हीं गाणीं ही पोर कोजागरीला आमच्या गच्चीवर म्हणूं शकेल ना?" सगळे हंसले. वकील मात्र हंसले नाहींत. ते म्हणाले, "गच्चीवर म्हणेल, आजी. तिकीट लावून नाट्यगृहांत म्हणावयाचीं झालीं तर चालीचा हक्क कोणापाशीं आहे तें पाहावें लागेल." मुलीनें त्या दिवशीं प्रथमच मान वर करून पाहिलें. आपण काय देत आहों हें तिला त्या एका वाक्यानें कळलें.

तिसरी खूण पैशांवर. उचल म्हणजे बक्षीस नव्हे. ती आपल्याच पुढील वांट्यांतून फेडावयाची असते. ध्वनिमुद्रण व चित्रफीत यांचा खर्चहि त्याच खात्यांत मांडला होता. समजा, उचल दोन लाख आणि खर्च तीन लाख, मिळून पांच लाख रुपये झाले, आणि गाणाराचा वांटा शेंकडा वीस ठरला. हे पांच लाख तिच्या वीस टक्क्यांतूनच फेडावयाचे, म्हणजे कंपनीपाशीं पंचवीस लाख जमेपर्यंत तिच्या हातीं उचलीपलीकडे एक रुपयाहि यावयाचा नाहीं. कंपनीनें घातले पांच लाख, आलेले पंचवीस लाख, आणि गाणाराचें खातें जेमतेम शून्यावर! याऐवजीं 'आधीं एकूण जमेंतून पांच लाख वजा करावे आणि उरलेले निम्मे वांटून घ्यावे' असें ठरलें असतें, तर त्याच पंचवीस लाखांत तिच्या वांट्याला दहा लाख आले असते. शिवाय चारही गाण्यांचें खातें एकच असल्यामुळें एका गाण्याची तूट दुसऱ्या गाण्याच्या नफ्यानें भरून निघणार होती. टक्केवारी किती, हें जो तो विचारतो. ती कशातून आणि केव्हां, हें विचारणारा विरळा. हिशेब दर सहा महिन्यांनीं लेखी मिळावा आणि शंका आल्यास आपल्या हिशेबनिसाकरवीं वह्या तपासतां याव्या, एवढी अट तरी मागितलीच पाहिजे.

चौथी खूण पुढच्या वर्षांवर. करार चार गाण्यांचा दिसत होता. परंतु आणखी दोन संग्रह मागण्याचा पर्याय कंपनीनें स्वतःकडे राखला होता. कंपनीला हवें असेल तर मुलगी बांधलेली, नको असेल तर कंपनी मोकळी. त्या अवधींत दुसरीकडे गाण्यास बंदी. भरीला मैफली, शिकवण्या व जाहिराती यांच्या उत्पन्नांतहि कंपनीचा वांटा होता. ज्या गणेशोत्सवांतील कार्यक्रमासाठीं कंपनीनें बोटहि हलविलें नाहीं, त्याच्या बिदागींतला हिस्सा तिनें कां द्यावा, याला काकांनाहि उत्तर सुचलें नाहीं.

पांचवी गोष्ट या काळाची आहे. आवाजाचे नमुने यंत्राला शिकवून त्या माणसावांचून त्याच्या आवाजांत नवें गाणें निर्माण करतां येतें. मुंबई उच्च न्यायालयानें जुलै २०२४ मध्यें अरिजित सिंह यांच्या आवाजाची व नांवाची अशी नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली. पण संमति आपणच लिहून दिली असेल तर न्यायालयाकडे कोणत्या तोंडानें जावें? यासाठीं 'माझ्या स्वतंत्र लेखी संमतीवांचून माझा आवाज कोणत्याहि यंत्राच्या शिक्षणासाठीं वापरूं नये' हें वाक्य करारांत घालून घ्यावें.

कांहीं हक्क मात्र असे आहेत कीं, ते देऊं म्हटलें तरी देतां येत नाहींत. २०१२ च्या दुरुस्तीनें कवि व संगीतकार यांना आपल्या कृतीच्या वापराबद्दल मिळणाऱ्या स्वामित्वधनांतला समान वांटा राखून ठेविला आहे. तो वारस किंवा वसुली करणारी संस्था यांवांचून कोणासहि देण्याचा करार रद्दबातल ठरतो. अशी वसुली करणारी 'आयपीआरएस' ही संस्था १९६९ पासून आहे, आणि गायकांसाठीं 'इस्रा' ही संस्था २०१३ सालीं निघाली. चाली बांधणाऱ्या मुलीनें कंपनीच्या करारापूर्वीं अशा संस्थेचें सभासदत्व घ्यावें, हें आमच्या वकिलांचें पहिलें सांगणें होतें.

येथवर वाचून कंपन्या म्हणजे केवळ लुबाडणारांच्या टोळ्या, असा कोणाचा ग्रह झाला असेल तर तो अन्यायाचा होईल. दहा गाण्यांवर पैसा घालावा तेव्हां एखादें चालतें; बाकीच्या नवांचा खर्च तिच्याच अंगावर पडतो. आज कोणीहि अल्प वर्गणी भरून आपलें गाणें जगभरच्या श्रवण-सेवांवर स्वतः ठेवूं शकतो, आणि मालकीहि त्याचीच राहते. परंतु तेथें रोज येणाऱ्या असंख्य गाण्यांत आपलें गाणें लोकांच्या कानीं कोणीं घालावें? जाहिरात, चित्रफीत, ओळखीपाळखी हें सर्व कंपनी करते, आणि त्याची किंमत मागण्याचा तिला अधिकार आहे. प्रश्न किंमत द्यावी कीं नाहीं हा नसून ती किती वर्षें द्यावी हा आहे.

त्या रात्रीं मुलीनें आपल्या हातानें पांच दुरुस्त्या लिहून काढल्या, आणि आणखी पंधरा दिवसांची मुदत मागितली. काकांना वाटलें, आतां सगळें फिसकटलें. बाराव्या दिवशीं उत्तर आलें. विक्रीऐवजीं सात वर्षांचा परवाना मान्य; शब्द व चाली मुलीच्या आणि तिच्या मैत्रिणीच्याच राहाव्या, हेंहि मान्य; मैफलींतला वांटा वगळला; आवाजाचें कलम घातलें; दोन संग्रहांचा पर्याय एकावर आला. एकत्र खात्याची अट मात्र सुटली नाहीं, आणि उचल दोन लाखांवरून ऐंशी हजारांवर उतरली. मुलीनें मैत्रिणीची लेखी संमति घेऊन सही केली. घटलेल्या रकमेची हळहळ काकांना अद्याप वाटते, आणि ती अगदींच अस्थानीं आहे असें आम्हांसहि म्हणवत नाहीं. गाण्यांना यश आलें नाहीं तर तेवढे पैसे गेलेच म्हणावयाचे.

ज्या घरांत अशी मुलें आहेत त्यांना आमचें एवढेंच सांगणें आहे. घर भाड्यानें देतांना आपण पट्टा चार वेळां वाचतों. गळा देतांना तो एकदां तरी वाचावा. वकील आपला असावा, समोरच्यानें सुचविलेला नसावा. आणि घरांतल्या वडील माणसांनीं निर्णय स्वतः घेऊन मुलांवर लादूं नये. कराराचा अर्थ त्यांना कळेल अशा भाषेंत सांगावा आणि सही त्यांची त्यांना करूं द्यावी. गाणें त्यांचें आहे. पुढचीं वर्षेंहि त्यांचींच आहेत.

कोजागरीचें आमंत्रण आम्हांस आतांच येऊन राहिलें आहे.