यामाहा सीएस-८०: बोटाखालचा स्वर

सिंथेसायझरच्या इतिहासात मानाचे पान १९७८च्या ‘प्रॉफेट-५’ला मिळते, कारण त्याने वादकाने घडवलेले नाद स्मृतीत साठवले. माझ्या मते वादकाच्या दृष्टीने मोठी क्रांती त्याआधीच, १९७७च्या सुमारास, यामाहाच्या सीएस-८०ने केली होती.

वजन सुमारे १०० किलो, त्यात सुरांचा भरवसा नाही! तरीही वादक त्याच्या प्रेमात पडले. पियानोत हातोडी तारेवर आदळल्यानंतर स्वर फुलवता येत नाही. प्रॉफेटची पट्टी हळू दाबा वा जोरात, उत्तर एकच. सीएस-८०वर मात्र आठ स्वर एकत्र वाजत असतानाही एका पट्टीवरचे बोट किंचित अधिक दाबले, की तेवढाच स्वर उजळतो वा कंप पावतो. उरलेले सात निश्चल.

व्हँजेलिसच्या ‘ब्लेड रनर’मधील (१९८२) ते दीर्घ, थरथरते स्वर याच पट्ट्यांवर घडले.